शेकरूच्या गावाला जायचंय

भीमाशंकरचं नाव मुंबईतल्या मराठी घरांत बहुतेक दोनच कारणांनी निघतं. एक दर्शनाचं. पहाटे गाडी काढायची, रांगेत उभं राहायचं, महादेवाला बेल वाहायचा आणि कितीही उशीर झाला तरी रात्री घर गाठायचं. दुसरं पावसाळी ट्रेकचं. कर्जत लोकल, खांडस, शिडी घाट, धबधबे, चिंब भिजलेले फोटो. दोन्ही वाटा एकाच जंगलातून जातात आणि दोन्ही वाटांवरच्या माणसांना ते जंगल फक्त मध्ये लागतं. या नोव्हेंबरात आम्हाला जायचंय ते त्या मधल्या जंगलासाठी. दर्शन होईलच, आई सोबत आहे म्हटल्यावर ते चुकणार नाही. पण बेताच्या मध्यभागी देऊळ ठेवलं तर प्रवास एका तऱ्हेचा होतो आणि जंगल ठेवलं तर अगदी वेगळ्या तऱ्हेचा. दिवस बदलतो, वाट बदलते, मुक्काम बदलतो, माणसं किती न्यायची तेही बदलतं.

भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं. पुणे, ठाणे आणि रायगड अशा तीन जिल्ह्यांत पसरलेलं हे जंगल सुमारे १३० चौरस किलोमीटरचं आहे. आपलं बोरिवलीचं नॅशनल पार्क साधारण १०४ चौरस किलोमीटर. म्हणजे ज्या जंगलाची ख्याती एवढी मोठी, ते आपल्या उपनगरांच्या मधल्या जंगलापेक्षा थोडंसंच मोठं आहे. हा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. ‘सह्याद्रीतलं जंगल’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे न संपणारं काहीतरी येतं आणि मग आपल्या एका गाडीने, एका सहलीने काय बिघडणार असं वाटायला लागतं.

ते मुख्यतः राखलं गेलं शेकरूसाठी. शेकरू म्हणजे आपला राज्यप्राणी, झाडावरची मोठी खार. शेपटीसकट जवळजवळ एक मीटर लांब, पाठ तांबूस तपकिरी, पोट फिकं, शेपटीचं टोकही फिकं. माझ्या लेकीने शाळेच्या प्रकल्पासाठी त्याचं चित्र काढलं आणि तिथूनच हा बेत सुरू झाला. तिने विचारलं की हे खाली कधी येतं. मी शोधायला बसले. उत्तर असं आहे की ते सहसा खाली येतच नाही. खाणं झाडावर, पाणी बरंचसं फळांतून आणि पानांवरून, दुपारची झोप फांदीवर पसरून, पिल्लं वाढवायची तीही उंचावरच्या घरट्यात. घरटं काटक्या-पानांचा मोठा गोळा असतो आणि एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधतं. तीही बारीक फांद्यांकडे, जिथे जड शिकारी चढला तर फांदीच त्याला पेलत नाही.

या झाडावरून त्या झाडावर जाताना शेकरू एका झेपेत साधारण ६ मीटर अंतर कापू शकतं. मी हे वाचलं आणि बराच वेळ तिथेच थांबले. कारण आपला साधा दुपदरी डांबरी रस्ता ७ मीटर रुंद असतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची जुनी झाडं वर एकमेकांना भिडलेली असली, तर खालून कितीही गाड्या जाऊ देत, शेकरूला वर आपली वाट आहे. ती झाडं एकदा गेली, रस्ता रुंद झाला, कडेला गाड्या लावायला जागा केली, की जंगल तेवढंच राहतं, नकाशावर हिरवंही राहतं, पण शेकरूच्या लेखी त्याचे दोन तुकडे होतात. अलीकडच्या फळाला आलेल्या उंबरावरून पलीकडच्या जांभळीकडे जायची सोय उरत नाही.

त्या दिवसापासून आमच्या बेतातला एकेक प्रश्न मी याच मापाने बघायला लागले. रस्ता रुंद का होतो? गाड्या वाढतात म्हणून. गाड्या का वाढतात? आपण जातो म्हणून, सगळे एकाच दिवशी जातो म्हणून, प्रत्येक घर आपली वेगळी गाडी घेऊन जातं म्हणून. जंगलात गेल्यावर कसं वागायचं याबद्दल पुष्कळ सांगितलं जातं, कचरा टाकू नका, गोंगाट करू नका. ते सगळं बरोबरच आहे. पण माझ्या मते निम्म्याहून अधिक गोष्टी घरी, कॅलेंडरसमोर बसल्या जागी ठरलेल्या असतात. आपलं येणं किती लहान ठेवता येईल हा विचार घरातून निघायच्या आधीच व्हावा लागतो.

सगळ्यात जास्त वेळ लागला तो महिना ठरवायला. जून ते सप्टेंबर इथे धो धो पाऊस. पावसाळ्यातलं भीमाशंकरचं रान फार सुंदर असतं यात शंकाच नाही. मलबार शीळकरी भल्या पहाटे शीळ घालत असतो, दगड न् दगड शेवाळलेला असतो आणि काही रात्री कुजक्या लाकडावरची बुरशी हिरवट उजळते. ही चमकणारी बुरशी भीमाशंकर आणि आहुप्याच्या बाजूला दिसते. ओलावा भरपूर असला की लाकूड कुजवणाऱ्या बुरशीतली रसायनं हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावतात आणि उष्णतेशिवाय उजेड पडतो. काजव्यासारखा तो लुकलुकत नाही, सारखा तेवत असतो. मला ते बघायचं आहे, मनापासून बघायचं आहे. पण त्यासाठी अमावास्येच्या आसपास, वनखात्याच्या परवानगीने, वाट जाणणाऱ्या गावकऱ्याबरोबर, विजेरी जवळपास बंद ठेवून चालावं लागतं. आईच्या गुडघ्यांना ते जमणारं नाही. शिवाय श्रावण म्हणजे महादेवाचा महिना, सोमवारी तर घाटरस्त्याला मुंगी शिरायला जागा नसते.

मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला काजवे. त्याबद्दल माझं मत आता पक्कं झालंय. काजव्याचा नर उजेड दाखवून मादीला बोलावतो, मादी उजेडानेच उत्तर देते आणि पहिल्या पावसाच्या आगेमागे मिळणाऱ्या थोड्याशा रात्रींत त्यांना हे सगळं उरकायचं असतं. तिथे आपण शेकड्यांनी हेडलाइट लावून उभे राहिलो तर ते बोलणंच तुटतं. लेकीला काजवे दाखवायचे आहेत, पण महोत्सवाच्या गर्दीत जाऊन नाही.

उन्हाळा मला खूप मोहवत होता. मार्च-एप्रिलात अंजनीच्या फांद्या निळ्याजांभळ्या फुलांनी भरतात, मे महिन्यात करवंदं, जांभळं. सुट्टीही असते. मग मी ज्या गावात राहायचं म्हणतेय तिथल्या दादांना फोन केला. ते म्हणाले, “या की, पण ताई, एप्रिलात पाण्याची ओढ असती. बाया लांबून हंडे आणत्यात.” एवढंच म्हणाले, आढेवेढे नाहीत, तक्रार नाही. पावसाळ्यात जिथे ढग उतरायला तयार नसतात त्या डोंगरमाथ्यावर चैत्र-वैशाखात प्यायला पाणी नसतं. जांभा आणि काळा कातळ पाणी धरून ठेवत नाही, सगळं उतारावरून निघून जातं. आमची चौघांची अंघोळ कोणाच्या तरी डोक्यावरून चालत येणार, हे कळल्यावर उन्हाळा मी खोडून टाकला.

उरला दिवाळीनंतरचा काळ. झरे अजून वाहते, गवत सोनेरी, आभाळ धुतलेलं. त्रिपुरी पौर्णिमेला तिथे मोठी गर्दी होते, तेव्हा ती उलटून जाऊ द्यायची. शनिवार-रविवार नको, सोमवार तर नकोच. म्हणून नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातले बुधवार आणि गुरुवार. लेकीच्या शाळेत तिच्या बाईंना भेटून मी स्पष्ट सांगितलं की दोन दिवसांची रजा हवी आहे, शेकरू बघायला. बाई हसल्या आणि म्हणाल्या, आल्यावर वर्गाला सांगायला लावू.

वाटेबद्दल आईचं म्हणणं पहिल्यापासून ठाम होतं. माळशेजवरून, एसटीने. माझे आजोबा घोड नदीच्या खोऱ्यातले. लालबागच्या गिरणीत नोकरीला आले आणि इथलेच झाले. जुन्नर-आंबेगावातून अशी कितीतरी माणसं गिरण्यांत आणि बाजारांत कामाला आली. त्यांतलंच एक नाव सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, बाबू गेनू. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीला परदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवा झाला आणि तिथेच गेला. घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या जलाशयाला त्याचंच नाव आहे. त्या पाण्याखाली आंबेगाव आहे. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडलं ते गावच बुडालं आणि नाव मात्र कागदावर राहिलं. आईची एक मावशी तिथे दिलेली होती. भीमाशंकरला जाताना घोडेगाव सोडलं की डिंभ्याचं पाणी लागतं आणि आईला तिथे उतरून थोडं उभं राहायचं आहे. माझ्या वहीत या थांब्यापुढे मी वेळ लिहिलेली नाही. तिला लागेल तेवढी.

मामा म्हणाला होता, “एवढे फाटे कशाला फोडतेस? मी माझी गाडी काढतो, एक्स्प्रेसवेने सरळ जाऊ.” तो प्रेमाने म्हणाला आणि आईच्या गुडघ्यांसाठी म्हणाला. मी त्याला शेकरूची आणि रस्त्याची गोष्ट सांगितली. तो गप्प झाला, मग म्हणाला की मंचरपासून पुढे आपण गावातलीच जीप घेऊ, कल्याण ते मंचर एसटीनेच जाऊ. म्हणजे आता कल्याण, मुरबाड, माळशेज, ओतूर, आळेफाटा, नारायणगाव, मंचर. आईला खिडकी मिळावी म्हणून पहाटेची गाडी.

मुक्काम देवळाजवळच्या लॉजवर न करता अलीकडच्या गावात, घरी. ही वस्ती महादेव कोळी समाजाची आहे आणि या जंगलाची ओळख मला त्यांच्याकडूनच करून घ्यायची आहे. हिरड्याचं झाड इथल्या घराघराचा आधार. उन्हाळ्याच्या तोंडी कोवळी फळं काढून वाळवतात, तोच बाळहिरडा, तो औषधांसाठी विकला जातो आणि त्या पैशांवर वर्षातली मोठी अडचण निभते. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात जुन्नर-आंबेगावच्या या पट्ट्यातली हिरड्याची पुष्कळ झाडं मोडली. आपल्याला मुंबईत त्या वादळाचं आठवतं ते एवढंच की ते थोडक्यात आपल्यावरून टळलं. ज्यांच्यावरून ते गेलं त्यांची पिढ्यांची झाडं एका दिवसात आडवी झाली. नवा हिरडा पुन्हा तसा फळायला माणसाची उमेदीची वर्षं जातात. गावात राहायला दिलेले पैसे ही भरपाई नव्हे, पण ते पैसे देवळापाशीच्या दुकानात जाण्याऐवजी त्या घरात जावेत असं मला वाटतं.

दादा देवराई दाखवणार आहेत. तिथे देवाच्या नावाने राखलेलं रान आहे, फांदी तोडायची नाही, पडलेलं लाकूडही उचलून न्यायचं नाही. गारंबीच्या वेली माणसाच्या मांडीएवढ्या जाड होऊन झाडांवरून झाडांवर गेलेल्या असतात. १९७०च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास करून त्यांचं महत्त्व जगापुढे मांडलं, तेव्हा कुठे शिकलेल्या लोकांनी या भाबड्या समजल्या जाणाऱ्या रानांकडे नीट पाहिलं. मला मात्र लेकीला तिथे न्यायचंय ते आणखी एका कारणासाठी. आपल्याला जंगल राखणं म्हणजे कुंपण आणि पाटी एवढंच ठाऊक आहे. माणसं राहतात, गुरं चारतात, हिरडा काढतात आणि तरी एक तुकडा कुणीही हात न लावता पिढ्यान्‌पिढ्या उभा राहतो, हे तिने डोळ्यांनी पाहावं.

दुसऱ्या दिवशी आम्ही वेगळे होणार. आई आणि मामा दर्शन करून आल्या वाटेने परत. नाना फडणवीसांच्या काळातलं शिखर, चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेनंतर वाहिलेली मोठी घंटा, हे सगळं आई नातीला स्वतः दाखवणार आहे. मग मी आणि लेक, दादांच्या पुतण्यासोबत, गणेश घाटाने खाली खांडसला उतरणार. शिडी घाट जवळचा आहे, पण कातळावरच्या शिड्या मुलीसोबत नकोत. गणेश घाट लांबचा, वळणाचा, पदरगडाच्या बाजूने जाणारा आणि उतरायला सुमारे ८०० मीटर. सावकाश उतरलं तर अर्धा दिवस सहज जातो. खांडसहून कशेळेमार्गे कर्जत, तिथून लोकल.

या उतरण्याची मला सगळ्यात जास्त ओढ आहे. भीमाशंकरच्या धारेवर पडलेला पाऊस दोन बाजूंना वाटला जातो. पूर्वेला गेलेलं पाणी भीमा होतं, पंढरपूरला चंद्रभागा म्हणवून घेतं, पुढे कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात जातं. पश्चिमेला कड्यावरून कोसळलेलं पाणी उल्हासच्या खोऱ्यात येतं आणि उल्हासवर बदलापूरपासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत सगळ्यांचे नळ चालतात. माझी बहीण डोंबिवलीला राहते. मी तिला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “म्हणजे आम्ही रोज भीमाशंकरचंच तीर्थ पितो!” आईला हे इतकं पटलं की तिने तिथल्या पाण्याची बाटली भरून आणायचा विचारच सोडून दिला. जंगल हे ‘तिकडे’ नसतं, आपण त्याच्या उताराच्या पायथ्याशी राहतो, हे पुस्तकातून सांगून लेकीला कळेलच असं नाही. कड्यावरून खाली चालत येऊन, लोकलमध्ये बसून, बदलापूरच्या आसपास उल्हास नदी दाखवली तर कळेल असं मला वाटतं.

तयारी म्हणून गेले काही रविवार आम्ही नॅशनल पार्कात जातो आहोत. गेटपासून कान्हेरीपर्यंत चालत, परतही चालत. तिला पायाची सवय व्हावी हे एक, आणि गप्प राहायची सवय व्हावी हे दुसरं. शेकरू सकाळी आणि संध्याकाळी हिंडतं, दुपारी पडून असतं, आणि ते दिसण्याआधी त्याचा खडखडाटासारखा आवाज ऐकू येतो. बोलत राहिलो तर तो निसटतो. पहिल्यांदा ती दहा मिनिटंही गप्प राहीना. आता ती स्वतःच ओठांवर बोट ठेवते. कान्हेरीच्या वाटेला उतारावर कारवीची झुडपं आहेत, ती आठ वर्षांतून एकदाच फुलतात. २०२४ साली फुलली होती, आता एकदम २०३२ला. लेकीने बोटं मोजून तेव्हा आपण कितवीत असू ते काढलं आणि पार्कच्या बाहेर पडेपर्यंत तिच्या डोक्यात तेच होतं.

सामानाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मातकट रंगाचे कपडे, जुने झालेले पण पकडीचे बूट, आईसाठी काठी, पाण्याच्या स्टीलच्या बाटल्या, एक दुर्बीण जी मामाच्या मित्राकडून उसनी आणली आहे. स्पीकर नाही, अत्तर नाही, वेष्टनातला खाऊ नाही. बिस्किटं मुद्दाम नाहीत, कारण देवळाच्या आजूबाजूला माकडांना बिस्किटं घालायची लोकांना सवय आहे आणि लेकीच्या हातात पुडा असला तर तिचा हात पुढे होणारच. तिळाचे लाडू आई करणार आहे.

आमच्या इमारतीतल्या दोन-तीन घरांनी विचारलं की आम्हीही येतो, एक मिनीबसच करूया. मला नाही म्हणणं जड गेलं, कारण ती मंडळी अडीनडीला धावून येणारी आहेत. पण त्या घरात जागा सहा जणांची आहे आणि मागे-पुढे चालणाऱ्या पंचवीस माणसांना शेकरू दिसत नाही. मी त्यांना जानेवारीतले दोन बुधवार काढून दिले, एसटीच्या वेळा लिहून दिल्या आणि दादांचा निरोप जसाच्या तसा पुढे पाठवला, की माणसं किती ते आठ दिवस आधी कळवा, नाचणी दळायला खालच्या गावात जावं लागतं.